डाव्या नडगीचं गणित

(बोरगाव मेघे, वर्धा. दुपारची वीज गेलेली आहे. आतल्या खोलीत पाच वर्षांची रुची झोपली आहे.)

वर्षाली : हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय तिचा. मी एवढंच विचारतेय, त्या दिवशी ती पलंगावरून पडली तेव्हा खाली नक्की काय होतं?

सचिन : गादी होती. किती वेळा सांगू? तू कॉलेजात, मी दुकानात, घरात माय एकटी. मी आलो तं रुची मायच्या मांडीवर, अन् पाय असा लोंबलेला. खाली गादी अंथरलेलीच होती. दोन वर्षं झाली त्याले. आता काय पंचनामा करून राह्यली?

वर्षाली : कुशीवर पडली की पाय खाली येऊन पडली?

सचिन : पडताना कोणी पाह्यलं? माय सैपाकात होती. तुझ्या कम्प्युटरले काय, फोटो पाहिजे?

वर्षाली : त्याला खरं काय झालं ते पाहिजे. बाकी सगळं जुळतंय हो. मागच्या वर्षी न्हाणीत पाटावरून घसरली, मांडीचं हाड मोडलं. मी कम्प्युटरमधल्या पायाला तसंच घसरवलं, तर बरोबर तिथंच मोडला, एक्स-रेत आहे तिथंच. बसमध्ये चढवताना एका माणसानं हात धरून ओढलं आणि हात मोडला, तेही जुळलं. फक्त ही डावी नडगी जुळत नाही.

सचिन : म्हणजे लेकराले तिथंही मोडून राह्यली तू.

वर्षाली : हो. रोज मोडते. तिथं मोडून झालं की इथं मोडणार नाही, म्हणून.

सचिन : तं एक नाई जुळत, सोडून दे. शंभर मोटारी वाइंडिंग करतो मी, एखादी उगाच जळते. कारण सापडत नाही.

वर्षाली : माझे प्रबंधाचे नागपूरचे सरही हेच म्हणाले. म्हणाले, एक आकडा वेडावाकडा आला तर बाजूला ठेवायचा, प्रबंध अडत नाही. माझा प्रबंध नाही अडलेला. उद्या तोच पाय जमिनीवर टेकवायचा आहे की नाही, ते अडलंय. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीच ऐकलंत ना? म्हणाले, जन्मापासून हाडं ठिसूळ आहेत, त्यातून जी पोर गादीवर पडून नडगी मोडून घेते, तिला उभं करायचं नाव काढू नका. चाकाची खुर्ची घ्या.

सचिन : म्हणाले ना. मग?

वर्षाली : आणि त्याच तोंडानं म्हणाले की, ज्या हाडावर भार पडत नाही ते आणखी झिजत जातं. उभी केली तर मोडेल, बसवली तर आतून संपेल. मग मी पायाला बाहेरून आधार देणाऱ्या कवचाचं सांगितलं. ते म्हणाले, बाई, हिशेब घेऊन या. पटला तर उभी करू, नाही पटला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. उद्या जायचंय. आणि माझा हिशेब त्या गादीवर येऊन थांबलाय.

सचिन : थांबलाय म्हणजे काय?

वर्षाली : गादीवर एवढ्याशा उंचीवरून पडून ते हाड मोडायचं असेल, तर मला ते इतकं कच्चं धरावं लागतं, इतकं कच्चं, की नुसते पाय झाडतानाच मोडलं असतं. आणि रुची तर तेव्हा दिवसभर पाय झाडायची. तुम्ही म्हणायचात, पोट्टी सायकल चालवून राह्यली झोपल्या झोपल्या.

सचिन : वर्षाली, हे सारं माझ्यानं झालं. तू म्हणत होती पलंगाले कठडा करा. मी आज करतो, उद्या करतो. मग झाल्यावर पलंगाचे पायच कापून टाकले. जमिनीले टेकला पलंग. आता त्याचा काय उपयोग होता? तुझ्या कम्प्युटरात ते टाक. हाडाची चूक नाई, बापाची हाये.

वर्षाली : तुमची चूक असं कोणी म्हणालं का? इकडं या, खिडकीपाशी. हा एक्स-रे उजेडावर धरा. ही चीर बघा.

सचिन : पाह्यली हाये.

वर्षाली : बघितली, पण वाचली नाही. मीसुद्धा दोन वर्षं वाचली नाही. वरून पडून, आपटून मोडलं की चीर आडवी जाते. मांडीची तशीच आहे. ही बघा, ही वेलीसारखी हाडाभोवती फिरत वर गेलीय. ओला टॉवेल पिळतात ना, तसा पाय पिळला गेला की असं होतं.

सचिन : डॉक्टर तं काही बोलले नाई.

वर्षाली : त्यांनी सांगितलं होतं, अशा लेकरांचं कशानंही मोडतं, कारण शोधत बसू नका.

सचिन : पिळला म्हणजे कोणी पिळला? घरात माय होती फक्त. तू बोलून काय राह्यली, समजते का तुले?

विमलाबाई : काय झालं बापा? कायले आवाज चढवून राह्यला? पोट्टी उठन ना.

सचिन : काही नाई, माय. तू बस. वर्षालीले काही विचारायचं हाये तुले. मी चाललो दुकानात. मले नाई ऐकायचं.

विमलाबाई : जेवून तं जाय. सचिन… गेला. दाराले राग दाखवून गेला. काय विचारतं वं? विचार.

वर्षाली : बसा आधी. हे कापड हातात घ्या.

विमलाबाई : हे तं बारदान्यासारखं लागते. अन् हे काळे धागे कायचे?

वर्षाली : पांढरे धागे काचेचे, काळे कार्बनचे. याला राळ लावून रुचीच्या पायाच्या साच्यावर गुंडाळायचं. वाळलं की पातळ, हलकं, पण कडक होतं. पांढरे धागे भार घेतात. काळे धागे भारही घेतात आणि भार जास्त झाला तर सांगतातही. ताणले गेले की त्यांच्यातून वीज कमी जाते आणि यांनी बसवलेला तो लाल दिवा लागतो. एकाच कापडाला दोन कामं.

विमलाबाई : म्हंजे दुखायच्या आधीच बोंबलते.

वर्षाली : हो. मोडायच्या आधी. आता हे उभ्या धाग्यावर ओढा. ताणलं का?

विमलाबाई : नाई.

वर्षाली : आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढा, तिरपं.

विमलाबाई : लांबलं. लुगड्याचंही तसंच असते. तिरपं धरलं का वाकडं जाते.

वर्षाली : म्हणजे धागा ज्या दिशेला, तिकडं जोर. रुची सरळ उभी राहिली तर उभे धागे हवेत. पाय पिळला जात असेल तर तिरपे हवेत. आणि कापड एवढंच आहे, आई. सरांनी कुणाकडून तरी उरलेला तुकडा मागून आणलाय. एकदा वाळलं की दगड. चुकलं तर उकलता येत नाही, दुसरं मिळत नाही.

विमलाबाई : तं दोन्हीकडून लाव ना थोडं थोडं.

वर्षाली : दोन्हीकडून थोडं लावलं की दोन्हीकडून अपुरं पडतं. करून बघितलं मी. म्हणून मला कळायला पाहिजे, तो पाय कशानं मोडला.

विमलाबाई : पडली. म्या सांगतलं तं होतं. पलंगावरून पडली.

वर्षाली : ठीक. पडली असेल तर उद्या मी डॉक्टरांना तेच सांगते. मग हाड इतकं कच्चं आहे की माझ्या कवचाचाही उपयोग नाही. मग ते म्हणतात तीच खुर्ची. या वर्षीच नाही, पुढंही नाही. ती कधीच उभी राहणार नाही.

विमलाबाई : कधीच?

वर्षाली : कधीच. काल मला विचारत होती, आई, उभं राहिल्यावर खालचं लहान दिसतं का गं.

विमलाबाई : तिलेच विचारून पाह्य ना मंग. तिचाच पाय हाये.

वर्षाली : विचारलं. म्हणाली, मी पडले.

विमलाबाई : म्हणनच ते. म्याच सांगत गेली ना तिले. पडली माही बाई, पलंगावरून पडली. सांगत गेली, सांगत गेली. आता तिले तसंच आठवते.

वर्षाली : आई, काय म्हणालात?

विमलाबाई : काही नाई. पानी दे थोडं.

वर्षाली : घ्या. आई, मी तुम्हाला काही म्हणणार नाही. ती पडली नसेल तर ते चांगलं आहे. ऐकताय ना? पडली नसेल तर ते हाड उभ्या भाराला इतकं कच्चं नाही. पिळाला कच्चं आहे, त्याला मी तिरपे धागे लावीन. ती उभी राहू शकेल.

विमलाबाई : पडली नसन तं उभी राहीन?

वर्षाली : शक्यता आहे. पडली असं धरलं, तर तीही नाही.

विमलाबाई : दार लोटून घे. शेजारची कोकिळा वाळवण उचलाले येत असन.

वर्षाली : लोटलं.

विमलाबाई : तू कॉलेजात गेली का मी तिले तेल लावो.

वर्षाली : डॉक्टरांनी मालिश बंद सांगितली होती.

विमलाबाई : सांगतली होती. तू मले येऊन सांगतलं, म्या म्हनलं बरं. पन वर्षाली, या हातांनी माही सारी लेकरं उभी केली. नंदेची केली. सचिन तं इतका लुकडा होता का दाई म्हने हे वाचत नाई. तेल जिरवून जिरवून त्याले चालता केला. मंग मले कसं पटन? मले वाटे, डॉक्टरले हाडाचं समजते, तेलाचं काय समजते त्याले? हाडात तेल मुरलं का बळ येते. कोमट करो, वाटीत घेओ, अन् उन्हाच्या पट्ट्यात बसून लावो. मंग साबनानं पुसून पावडर लावून ठेवो, तुले वास येऊ नये म्हनून.

वर्षाली : रोज?

विमलाबाई : रोज. तिले आवडे. हासे.

वर्षाली : आणि त्या दिवशी?

विमलाबाई : त्या दिवशी तेल लावून झालं. शेवटी लेकराची घडी घालतो ना आपन, हा हात त्या पायाले, तो पाय ह्या खांद्याकडे. तशी घातली. टाच ह्या हातात, गुडघा त्या हातात. अन् पाय आत वळवला. आवाज आला. हरभऱ्याचा घाटा फुटते ना बोटात, येवढाच.

वर्षाली : आणि ती?

विमलाबाई : रडली नाई. पह्यले माह्याकडे पाह्यलं तिनं. असं पाह्यलं, वर्षाली, का आजी, तू? मंग रडली.

वर्षाली : आई…

विमलाबाई : मंग मले काही सुचे ना. म्या तेल पुसलं. तिले मांडीवर घेतलं. म्हनलं, सांगू पडली म्हनून. मंग वाटलं, तुम्ही म्हनसान, म्हातारीनं ध्यान ठेवलं नाई, खाली फरशी अन् लेकरू पलंगावर सोडून गेली. म्हनून एका हातानं गादी ओढली अन् पलंगाखाली सरकवली. का बा, म्या काळजी घेतली होती.

वर्षाली : गादी तुम्ही नंतर टाकलीत?

विमलाबाई : हो.

वर्षाली : ती गादी नसती, तर डॉक्टर म्हणाले असते फरशीवर पडली, मोडणारच. त्या गादीमुळे त्यांनी हाड इतकं कच्चं ठरवलं. त्या गादीमुळे खुर्ची सांगितली. दोन वर्षं उचलून फिरवतोय आम्ही तिला. दोन वर्षं त्या पायावर भार नाही. तो झिजतोय.

विमलाबाई : मले कुठं मालूम वं, गादीनं हाड कच्चं ठरते?

वर्षाली : आणि यांनी पलंगाचे पाय कापले तेव्हा दुसरं टोक तुम्ही धरलं होतंत.

विमलाबाई : धरलं होतं. तो करवत चालवे अन् रडे. म्हने, माय, म्या कठडा नाई केला. माह्या तोंडापर्यंत आलं होतं. पन मंग वाटलं, आता सांगतलं तं ह्या घरात माह्यं तोंड कोन पाहीन? तो बाप हाये, त्याले राग येईन अन् जाईन. तू सून हाये. तुहा जानार नाई.

वर्षाली : गेला नसता. खरं आहे.

विमलाबाई : आता?

वर्षाली : आता रागवायला वेळ नाही, आई. उद्या डॉक्टर आहेत. नंतर रागवीन. यांना मात्र तुम्हीच सांगायचं, मी नाही. आज, ते घरी आले की.

विमलाबाई : सांगन.

वर्षाली : म्हणून तुम्ही तिला उचलत नव्हतात. मला वाटायचं, तुम्हाला कंटाळा येतो तिचा. मी माहेरी बोलूनही दाखवलं.

विमलाबाई : बोलली असशीन. तसंच दिसत होतं ते. तेव्हापासून म्या तिले हातच नाई लावला. ते आजी म्हनून हात पुढे करे, मी म्हनो माहे हात खरकटे हायेत.

वर्षाली : मला अजून एक सांगा. ते सगळ्यात महत्त्वाचं. पाय किती जोरानं वळवला?

विमलाबाई : ते कसं सांगू?

वर्षाली : आठवा. जोरानं वळवला असेल तर चांगलं, कारण तेवढ्या जोराला ते टिकून होतं, मग मोडलं. अगदी हळू वळवला असेल आणि तरी मोडलं असेल, तर पिळाला ते फारच नाजूक आहे. मग जवळजवळ सगळं कापड तिरपं घालावं लागेल, आणि उभे धागे उरणार नाहीत, म्हणजे उभं राहणंही नाही.

विमलाबाई : म्हंजे म्या जोरानं केलं असन तं पोट्टी उभी राहीन?

वर्षाली : तसंच म्हणा.

विमलाबाई : तं लिही जोरानं. लिही का म्हातारीनं कचकन पिळला. मी डॉक्टरपुढेही सांगन. मारून टाकलं असतं म्हना लेकरू, मले चालते.

वर्षाली : नाही, आई.

विमलाबाई : काऊन नाई? आता मीच म्हनून राह्यली ना. खोटी गादी चालली तुम्हाले दोन वर्षं, खोटा जोर नाई चालत?

वर्षाली : डॉक्टरांना चालेल. मला चालेल. तिच्या पायाला नाही चालायचा. उभी असताना दारातून हाक मारली की ती टाच न हलवता अंगानं वळणार, पाय पिळणार. तेव्हा तो पाय मला विचारणार नाही, वर्षाली, तू काय लिहिलं होतंस.

विमलाबाई : मंग कसं करतं?

वर्षाली : माझ्या पायावर करून दाखवा.

विमलाबाई : काय?

वर्षाली : मी इथं सतरंजीवर पडते. तुम्ही टाच धरा, गुडघा धरा, आणि त्या दिवशी केलं तेवढंच करा. हातात असतं ते. तोंडानं नाही सांगता येत, हाताला आठवतं. मला अंदाज आला की मी यांच्या दुकानातला ओढ मोजायचा स्प्रिंगचा काटा लावून तेवढंच ओढून बघीन.

विमलाबाई : सुनेच्या पायाले हात लावू मी? लोक काय म्हनतीन?

वर्षाली : दार लोटलंय. आणि बाळंतपणात लावलात की. तेव्हा रोज तेल लावायचात, मी नको म्हणायची.

विमलाबाई : तेव्हा तू बाळंतीन होती. बाळंतिनीच्या पायाले कोनीही हात लावला तं चालते. आता माह्याच्यानं नाई होत, वर्षाली.

वर्षाली : डोळे मिटा. मी नाही, रुची आहे असं समजा. तीन वर्षांची. तेल लावून झालंय.

विमलाबाई : तिले मी काही म्हनत राहो तेल लावताना.

वर्षाली : ते म्हणा.

विमलाबाई : हा पाय बापाचा, हा पाय मायचा, माही बाई जाते देवळाले… नाई होत.

वर्षाली : होतंय. टाच धरलीत. आता आत वळवा.

विमलाबाई : वळवला.

वर्षाली : वळवलात? मला काही लागलंच नाही. पुन्हा करा. घाबरू नका, माझं नाही मोडत.

विमलाबाई : हा.

वर्षाली : आई, एवढ्यानं नाही हो मोडत. दार लोटायलाही याहून जास्त लागतो. नीट आठवा. याहून जोरानं केलं असेल.

विमलाबाई : नाई वं.

वर्षाली : थोडा तरी. थोडा तरी जास्त असेल, आई. तुम्ही आता घाबरून हळू करताय.

विमलाबाई : नाई, माय. आताच जोर लागला, तुहा पाय जड हाये म्हनून. तेव्हा याच्याहून हळू होता. तिले दुखू नये म्हनून.